पौषात एकटीने साल्हेर: घाम, वारा आणि वेळ

मी नाशिकला सिडकोत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते आणि पौष लागला की गिऱ्हाईक दिसत नाही, कारण पौषात लग्नं नसतात. म्हणून माझं डोंगरात जाणं पौषातलं. मैत्रिणींना सुट्टी मिळते ती शनिवार-रविवारी, मला गर्दी नको असते, त्यामुळे बहुतेक वेळा एकटीचं. आणि नेमका हाच महिना नाशिक जिल्ह्यात सगळ्यात गार. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, बागायतदार रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, एखाद्या पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं पडतं.

आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून थंडीला कोणी मोजत नाही. पण माणूस गारठून गलितगात्र व्हायला बर्फ लागत नाही. ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं, पारा शून्याच्या बराच वर असला तरी. बर्फावर चालणारे लोक जो नियम सगळ्यात आधी शिकतात तोच सह्याद्रीतही खरा: घाम येऊ द्यायचा नाही, आणि आलाच तर अंगावर वाळू द्यायचा नाही. सोबत कोणी असेल तर ते तुमचे ओठ निळे पडलेले बघतात, हात चोळून देतात, जाकीट काढून देतात. एकटीला हे सगळं आधीच करून ठेवावं लागतं.

खालचं सगळं साल्हेर किल्ला धरून लिहिलं आहे, पण ते एकदम साल्हेरला जाण्यासाठी नाही. एकटीने पहिल्यांदा निघणार असाल तर रामशेज करा, मग अंजनेरी, मग धोडप. तिन्ही ठिकाणी खाली वस्ती दिसत राहते आणि चुकलात तरी तासाभरात माणूस भेटतो. कळसूबाई शनिवार-रविवारी एकटीने केली असं म्हणण्यात अर्थ नाही, शिडीला रांग असते. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर गर्दीत मला एकटीला जावंसं वाटत नाही. वरचा घसरला तर खालच्यालाही घेऊन येतो. आणि अलंग-मदन-कुलंग एकट्याने नाहीच. तिथे दोर लावावा लागतो आणि दोर धरायला माणूस लागतो.

साल्हेर १५६७ मीटर. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि शिखरांच्या उंचीत कळसूबाईच्या, म्हणजे १६४६ मीटरच्या, खालोखाल. बागलाणात, सेलबारी-डोलबारीच्या रांगांत, गुजरातच्या डांगला खेटून. १६७२ साली याच्या पायथ्याला मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानावर हरवलं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात हाही आहे, त्यामुळे माणसांची ये-जा वाढली आहे. तरी पौषातल्या मंगळवारी-बुधवारी अजूनही गडावर आपण आणि वारा.

कपडे: यात मी जरा जास्त बोलणार

दुकानात थर्मल म्हणून जे देतात त्यातलं बरंचसं सुती असतं. लेबल उलटं करून वाचा. कॉटन जास्त असेल तर ते घरी झोपताना घाला. सूत पाणी पिऊन धरून ठेवतं. पॉलिस्टर पाणी पीत नाही, ते धाग्यावरून पसरतं आणि उडून जातं. लोकर ओलसर झाली तरी थोडी ऊब देते. विश्वास बसत नसेल तर जुन्या पेटिकोटचा आणि जुन्या खेळाच्या टी-शर्टचा वीत-वीतभर तुकडा घ्या, शिवण येईल असा. दोन्ही भिजवा, सारखेच पिळा, सावलीत दोरीवर टाका. टी-शर्टचा तुकडा कोरडा झाला की पेटिकोटची शिवण चिमटीत धरून बघा. ती अजून गार लागते. चढणीनंतर खिंडीत थांबलात की पाठीवर नेमकी तीच शिवण असते.

अंगाला लागून पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टर टी-शर्ट, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचं जाकीट, त्यावर विंडचीटर. तीन कपडे, तिन्ही सैलसर, एकावर एक चढतील असे. जाड एकच जाकीट नेणाऱ्या बायका मी बघते. चढताना ते कमरेला बांधतात आणि वर गेल्यावर ओल्या अंगावर घालतात. जाकीट मग आतून ओलं होतं आणि दिवसभर तसंच राहतं.

विंडचीटर घेताना दुकानातच कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. हाताला फुंकर लागली तर वाराही लागणार. पण अजिबात हवा जाऊ न देणारं कापड घेतलं की घाम आत कोंडतो. त्यावर उपाय काखेत. मी काखेखालची शिवण वीतभर उसवते आणि तिथे चेन बसवते, रनर वरून खाली उघडेल असा, म्हणजे सॅक पाठीवर असतानाही एका हाताने उघडता येतो. तुमच्या शिंप्याला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. चेन प्लास्टिकची लावायला सांगा. धातूचा रनर पहाटे बोटांना चटका बसावा इतका गार असतो.

टी-शर्टच्या खांद्यावरची शिवण बरोबर सॅकच्या पट्ट्याखाली येते आणि दोन तासांत सोलून काढते. रॅग्लन बाहीचा टी-शर्ट घ्या, त्याची शिवण गळ्याकडून काखेत तिरकी जाते. तसा नसेल तर शिवण एका बाजूला पाडून वरून दाब शिलाई मारून घ्या.

आता बायकांना कोणी सांगत नाही ते. सगळं पॉलिस्टर घातलं आणि आत रोजची सुती ब्रा असेल तर काही उपयोग नाही. सगळ्यात उशिरा वाळतं ते तेच, तेही छातीवर. खेळाची, पातळ, सुती अस्तर नसलेली घ्या. जीन्स तर नकोच. पातळ ट्रॅक पँट पुरे, पाय चालताना गारठत नाहीत. आत लोकरीची लेगिंग घालू नका, ऊन आल्यावर ती काढायची म्हणजे बूट काढून आडोशाला उभं राहायचं, एकटीने कुठे तो खटाटोप.

टोपी आणि हातमोजे शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये स्वस्तात मिळतात. माकडटोपीला हसणाऱ्यांनी पहाटे पाच वाजता साल्हेरच्या पायथ्याला, वाघांबे गावात येऊन दाखवावं. विणलेले हातमोजे मात्र कातळाच्या पायऱ्यांवर काढून खिशात ठेवा, दगडावरून ते सटकतात.

सॅकच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून एक कोरडा संच: टी-शर्ट, पायमोजे, फ्लीस किंवा स्वेटर. हा चालताना घालायचा नाही. कितीही थंडी वाजली तरी नाही. तो थांबल्यावरचा.

पावतीबुक

माझ्या दुकानाचं मापाचं पावतीबुक आहे, कार्बन लावून दोन प्रती निघतात. गावाला निघताना मी स्वतःची पावती फाडते. वर डोंगराचं नाव. मापांच्या जागी वाट: वाघांबे, खिंड, माथा, परत वाघांबे. डिलिव्हरीच्या रकान्यात दोन वेळा. पहिली ठरलेली, म्हणजे मी फोन करेन ती, दुपारी चार. दुसरी काळजीची, रात्री आठ. एक प्रत माझ्या जावेकडे, एक माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात.

दोन वेळा का, तर एकच दिली की घरचे त्या मिनिटापासून जीव टांगणीला लावतात आणि तुम्ही खाली उतरताना फोनसाठी धावपळ करता. धावपळीत पाय मुरगळतो. चार ते आठ जावेने काहीही करायचं नाही, हे तिला पटवायला वेळ लागला. आठ वाजले की मात्र तिने विचार करत बसायचं नाही: आधी मुक्कामाच्या घरी फोन, मग पोलीस पाटलांना, मग ११२. हे तिन्ही नंबर पावतीच्या मागे लिहिलेले असतात. पहिले दोन मी गावात पोचल्यावर विचारून, तिला कळवून लिहून घ्यायला लावते.

पावतीवर लिहिली तीच वाट. वाघांब्यातून चढून पलीकडच्या साल्हेरवाडी गावात उतरणं मोहाचं आहे, गड आरपार होतो आणि दरवाजांची मोठी माळ बघायला मिळते. ग्रुपने जरूर करा. एकटी असताना ज्या वाटेने चढलात त्याच वाटेने उतरा. उतरताना ती वाट तुमच्या ओळखीची असते, आणि वेळ आली तर शोधणारे योग्य बाजूला शोधतात.

परतायची वेळही पावतीवर असते. दुपारी बारा. बाराला जिथे असेन तिथून मागे, समोर माथा दिसत असला तरी. डिसेंबरच्या शेवटी इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. पण डोंगराच्या पूर्वेच्या कुशीत ऊन त्याच्या किती तरी आधी जातं आणि ऊन गेलं की दहा मिनिटांत अंगावर काटा येतो. हा निर्णय घरी, गरम चहा पिताना घेतलेला बरा. वर गेल्यावर डोकं वकिली करायला लागतं.

मुक्काम गावात

गडावर गुहा आहेत, लोक राहतात, फोटो छान येतात. मी एकटीने गडावर रात्र काढत नाही, आणि राज्यातल्या काही संरक्षित किल्ल्यांवर मुक्कामाला बंदीही आहे. रात्री गावात झोपायचं आणि फटफटलं की निघायचं.

नाशिकहून सटाण्याला एसटी भरपूर. पुढे ताहाराबाद, मुल्हेर आणि वाघांबे. या टप्प्याला गाड्या कमी, त्यामुळे सटाण्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारा आणि सकाळीच नाशिक सोडा. ताहाराबादहून काळी-पिवळी मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. दिवस मावळायच्या आत गावात पोचणं हे निम्मं काम. अंधारात येणाऱ्या एकट्या बाईला गाव वेगळ्या नजरेने बघतं, उजेडात आलेलीला चहा विचारतं.

गावात शिरल्यावर पारावरच्या पुरुषांना विचारायचं नाही, हातपंपावर किंवा अंगणवाडीपाशी बायका दिसतात तिकडे जायचं. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "एकलीच शे का, ताई?" यावर लाजायचं नाही, हो म्हणायचं आणि आपलं गाव, धंदा, किती पोरं हे न विचारता सांगून टाकायचं. मी शिवणकाम करते म्हटलं की दोन मिनिटांत कोणी तरी फाटलेली चेन आणून दाखवते. सुई-दोरा माझ्याकडे असतोच. आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताईंचं घर सगळ्यात चांगलं, कारण तिथे रात्री कोणाची ये-जा असली तरी गावाला सवय असते. पोलीस पाटलांना नाव-नंबर सांगून ठेवायचा. जेवणाचे, राहायचे पैसे आधी विचारायचे आणि मागतील त्याहून थोडे जास्त द्यायचे. घासाघीस नाशिकच्या मेन रोडला करा.

झोपायला ओसरी मिळते. खालून येणारी गारठ वरून येणाऱ्यापेक्षा वाईट, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरुणाकडे बघा. फोमची मॅट न्याच. नसेल तर घरात रिकामी पोती किंवा खताच्या गोण्या मागा, दोन-तीन एकावर एक. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, पायमोज्यात घालून पांघरुणात घ्या. सकाळी तेच पाणी प्यायला होतं.

एक गंमत लक्षात ठेवा. उंचावर थंडी जास्त, हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश उतरतात, हे शाळेत शिकलेलं पहाटे उलटं पडतं. वारा नसलेल्या निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागेत, नदीकाठी साचते. निफाड गारठतं त्यातही याचा हात असतो. म्हणून सकाळी ओढ्याजवळ हात बधिर होतात, आणि शेतं संपून सोंडेवर चढलात की हवा चक्क कोमट लागते. इथेच फसायला होतं. पुढे खिंडीत वारा असतो.

चढण

निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. अंगात फ्लीस घालून ऊबदार निघालात तर पहिल्या चढाला घाम फुटलाच. मी पहिल्या दहा मिनिटांनंतर मुद्दाम थांबते आणि फ्लीस काढते, वाजत असली तरी. चाल अशी ठेवायची की तोंड मिटून नाकाने श्वास पुरेल. मी मनात नाही, मोठ्याने ओव्या म्हणते. दम लागून ओवी तुटली की पाय आपोआप हळू करायचे. ऐकायला कोणी नसतं हा एकटं असण्याचा फायदा.

थांबलात की क्रम ठरलेला. आधी विंडचीटर अंगावर, मग सॅक खाली, मग पाणी, मग फोटो. लोक हे बरोबर उलटं करतात. पाच मिनिटांच्या वर बसायचं नाही.

थंडीत तहान लागत नाही, तरी दर थांब्याला चार घोट प्यायचेच. गावातून तीन लिटर भरून घ्या. वर टाक्यांत आणि गंगासागर तलावात पाणी असतं, पण ते उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवूनच. लघवीला जावं लागेल म्हणून कमी पिणाऱ्या बायकांना एवढंच सांगते: डोंगरात आडोशाची कमतरता नाही आणि एकटीला तर आडोसाही लागत नाही. पाळी असेल तर कागदी पिशव्या आणि एक झाकणाचा डबा न्या, सगळं परत आणायचं, तिथे पुरायचं नाही. त्या दिवसांत थंडी थोडी जास्त वाजते असं माझं आहे, म्हणून मी तेव्हा रामशेजपुरतंच बघते.

खायला नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी घरमालकीण बांधून देते. वरून डिंकाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, मूठभर बेदाणे. पौषात तिळगूळ घरात असतोच. सगळं असं की हातमोजे न काढता तोंडात टाकता येईल. थर्मासमध्ये आल्याचा चहा, पण तो माथ्यासाठी.

वाट. वाघांब्यातून शेतं ओलांडून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीकडे जायचं असतं, ती खिंड गावातूनच दिसते. सावकाश दोन तास धरा. पौषात गवत कमरेएवढं वाळलेलं असतं आणि त्यात ढोरवाटा फाटे फोडतात. ढोरवाट डोंगराला आडवी, एकाच पातळीत जाते आणि तिच्यावर शेण-लेंड्या असतात. माणसांची वाट वर चढत राहते, तिच्यावरचे दगड घासून गुळगुळीत झालेले असतात आणि, काय सांगू, गुटख्याच्या पुड्या पडलेल्या असतात. वाटेवर चढ थांबला आणि पाच मिनिटं आडवंच चालतोय असं वाटलं की मागे फिरून शेवटच्या खात्रीच्या जागी या. दर फाट्याला वळून मागचं दृश्य बघा. उतरताना डोंगर वेगळा दिसतो. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून घ्या, फोन एरोप्लेन मोडवर टाका आणि आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. टी-शर्टला आतून खिसा शिवून घेतला की काम झालं.

खिंडीत पोचायच्या पन्नास पावलं आधी, अजून आडोसा असतानाच, थांबायचं. पाठ पंचाने कोरडी पुसायची, फ्लीस आणि विंडचीटर चढवायचं, काखेच्या चेन बंद, टोपी कानावर. मग खिंडीत पाय ठेवायचा. वारा अंगावर आल्यावर हेच करायला गेलात तर बोटं चेन धरत नाहीत. बोटांची चाचणी इथेच करते मी: अंगठा करंगळीला टेकवायचा, दोन्ही हातांचा. टेकत नसेल, किंवा चेनचं टोक रनरमध्ये बसवायला दोनदा चुकलं, तर शरीर गारठायला लागलं आहे असं समजा. कुडकुडणं ही सुरुवात असते. कुडकुडत असताना गोड खा, गरम प्या, आणि खाली चालायला लागा. कुडकुडणं थांबलं आणि तरी ऊब आली नाही, डोकं सुस्त झालं, बोलणं जड झालं, तर ते बरं वाटणं नव्हे. तो धोका आहे.

खिंडीतून पुढे कातळातल्या पायऱ्या आणि दरवाजे. पायऱ्या ऊन पडल्यावरच चढा. पहाटेच्या दवाने कातळ ओला असतो आणि त्यावर वाळलेल्या गवताच्या काड्या पडलेल्या असतात. पाय काडीवर पडला की सरकतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायला लागलं तर थांबा, तेवढ्यात एक लाडू होतो. कड्याच्या बाजूची आडवी वाट येते तिथे हात कातळाकडे, सॅकला बाहेर काही लटकत नको, काठी दरीकडच्या हातात.

वर पठारावर तलाव, पडकं रेणुकेचं देऊळ, गुहा, आणि तिथून शेवटच्या टेकाडावर परशुरामाचं देऊळ. परशुरामाने इथून बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं असं सांगतात. माथ्यावर पोचल्यावर आधी देवळाच्या वारा नसलेल्या बाजूला जाऊन अंगातला टी-शर्ट बदला. उघड्यावर, थंडीत कपडे काढायचं मन होत नाही, पण दोन मिनिटांचा त्रास आहे. ओला टी-शर्ट सॅकवर पसरून बांधा, उतरेपर्यंत वाळतो. मग चहा. मुल्हेर, हरगड, मांगी-तुंगी, न्हावीगड असे समोरचे डोंगर एकेक ओळखत बसा, पश्चिमेला डांगची झाडी. बाराच्या आत उठा.

मधमाश्या आणि बाकीचे

बिबट्याचं सगळे विचारतात. आपल्या जिल्ह्यात तो डोंगरापेक्षा उसात जास्त भेटतो. अंधारात शेतातून चालू नका, एवढं पुरे. मला भीती आग्या मोहोळाची वाटते. कड्याच्या कपारीत ती काळी पोळी लटकलेली असतात. अत्तर, सुगंधी तेल, डिओ काही लावायचं नाही, धूर करायचा नाही, कड्याखाली ओरडायचं नाही. उठल्याच तर तोंड-मान झाकून जागा सोडायची, हात झटकायचे नाहीत, कड्याच्या कडेला मात्र धावायचं नाही. काटा चिमटीत धरून उपटू नका, नखाने खरवडून काढा. श्वास लागला, चेहरा सुजला तर दवाखान्याला पर्याय नाही.

थंडीत साप उन्हाला दगडावर येतात, फुरसं तर दगडाच्याच रंगाचं. दिसत नाही त्या कपारीत हात घालू नका, दगडावर बसण्याआधी काठी आपटा. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, तो अवयव हलवायचा नाही, १०८ लावायचा.

पाय मुरगळला, अंधार झाला, तर

गडावर रात्र काढायची नाही म्हटलं, पण काढायला लागली तर निभावेल इतकं सामान प्रत्येक वेळी सोबत हवं. कोरडा संच सांगितलाच. शिवाय कचऱ्याच्या दोन मोठ्या काळ्या पिशव्या, चंदेरी फॉइलचं पांघरूण, डोक्याचा टॉर्च, शिट्टी, चार लाडू जास्तीचे. अंधार पडायच्या आत जागा निवडा: वाऱ्याच्या आड, पण खोलगट घळीत नाही. कोरडे कपडे घाला, सॅक रिकामी करून पाय तिच्यात घाला, दोर, काठी, वाळलेलं गवत, जे असेल ते खाली घेऊन त्यावर बसा, आडवं पडू नका. एक पिशवी पायांकडून, दुसरीला चेहऱ्यापुरतं भोक पाडून डोक्यावरून. शेकोटी नको. पौषातल्या गवतात एक ठिणगी पडली की वणवा लागतो आणि वणव्यापुढे पाय मुरगळलेला माणूस काय करणार.

शिट्टी मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. डोंगरातली ही मदतीची खूण आहे. गावात ती माहीत असेलच असं नाही, म्हणून घरमालकिणीला आदल्या रात्री वाजवून दाखवायची आणि सांगायचं की हा आवाज आला तर मी आहे. पोरं मग रात्रभर तीच शिट्टी मागत बसतात.

उतरण

चढणीला दम लागतो, घसरायला होतं ते उतरताना. वाळलेल्या मातीवर बारीक खडी, तो घसारा, चणे पसरलेल्या फरशीसारखा. मागे रेलून टाचा रोवत उतरणारे बसकण मारतात. गुडघे वाकवून, वजन पुढच्या पायावर ठेवून, पाऊल थोडं आडवं आणि छोटं टाका. काठी आपल्या खाली टेकवायची, बाजूला नाही. कातळाच्या पायऱ्या जिथे उंच आहेत तिथे दगडाकडे तोंड करून शिडीसारखं उतरा, बघायला कोण आहे? बुटाचा तळ घासलेला असेल तर हे सगळं व्यर्थ, म्हणून निघायच्या आठवडाभर आधी तळ बघा.

ऊन आहे तोवर विंडचीटर सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नाही. खिंडीत परत लागतं.

गावात पोचल्यावर जावेला फोन, पोलीस पाटलांना उतरल्याचं सांगणं, घरमालकिणीकडे चहा. बूट-मोजे तिथेच बदला. दुपारनंतर सटाण्याकडे गाडी मिळाली तर मिळाली, नाही तर ताहाराबादपर्यंत दुधाच्या गाडीत पुढे बसायला विचारा. एसटीत खिडकीची जागा धरू नका. काच नीट बसत नाही आणि दिवसभर सांभाळलेलं अंग देवळ्यापर्यंत गारठून जातं. मधली सीट, कानाला मफलर, आणि कोरडा स्वेटर नाशिकला उतरेपर्यंत अंगावरून काढायचा नाही.